काच, कॉलर माइक आणि सहा मिनिटांची क्लिप

(पडद्यावर: अंधारी खोली. हवेत उमटल्यासारखी एक केशरी वक्ररेषा.)

कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा सर्किटमधला भाग, चार्ज होतानाचा हा आलेख. लिहिणारा हात काचेपलीकडे आहे, कॅमेरा अलीकडे. मधली काच १० मिलिमीटर जाडीची. हा लाइटबोर्ड. शिकवणारा विद्यार्थ्यांकडे पाठ न करता लिहू शकतो, एवढंच त्याचं काम. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले यांत्रिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक मायकेल पेश्किन यांनी आपल्या बोर्डाचा आराखडा सगळ्यांना खुला करून दिला आणि मग अनेक विद्यापीठांनी तसा बोर्ड आपापल्या वर्कशॉपमध्ये बांधून घेतला.

(काचेची कड अगदी जवळून. एलईडीची पट्टी चिकटवली जाते.)

प्रकाश या कडेतून आत शिरतो आणि काचेच्या दोन पृष्ठभागांमध्ये आपटत पुढे सरकतो. लंबाशी साधारण ४२ अंशांपेक्षा मोठा कोन करणारा किरण काचेतून बाहेर पडू शकत नाही. निऑन मार्करची शाई लागली की त्या जागी त्याला वाट सापडते, म्हणून अक्षर पेटल्यासारखं दिसतं. बोटाचा ठसाही तितकाच पेटतो. त्यामुळे प्रत्येक टेकआधी काच मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसायची, आणि पुसून झाल्यावर एलईडी लावून तिरप्या नजरेने एकदा बघायची.

साध्या काचेतलं लोह प्रकाश शोषतं. कडेने पांढरा शिरलेला उजेड मध्यापर्यंत हिरवट होतो. म्हणून इथे कमी लोहाची, अल्ट्रा क्लिअर काच आहे, आणि सुरक्षेसाठी ती टफन केलेली, म्हणजे तापवून झपकन थंड करून मजबूत केलेली आहे. मापात कापणं, छिद्रं पाडणं, कड पॉलिश करणं, सगळं टफन करण्याआधी. नंतर कड घासायला घेतली तर अख्ख्या काचेचे बारीक तुकडे होतात.

(कॅमेऱ्याच्या बाजूने. प्राध्यापक काचेमागे दोन फुटांवर, गडद निळ्या शर्टात.)

मागे काळा पडदा. कॅमेऱ्याच्या बाजूलाही काळोख, कारण काच आरशासारखी वागते आणि कॅमेऱ्यावरचा लाल ठिपकासुद्धा चेहऱ्यावर कुंकवासारखा येऊन बसतो. त्यावर काळी चिकटपट्टी. प्राध्यापकांवरचे दोन दिवे दोन्ही बाजूंनी, थोडे वरून. समोरून दिवा मारला की तो काचेत दिसलाच म्हणून समजा.

फोकस हाताने लावून कुलूपबंद करायचा. ऑटो ठेवला तर कॅमेरा कधी शाई धरतो, कधी चेहरा, आणि दर वाक्याला चित्र श्वास घेतल्यासारखं हलतं. ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ ५.६ ते एफ ८, म्हणजे काच आणि माणूस दोन्ही स्पष्ट राहतात. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सही कायम. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे शटर १/५० ठेवायचं, नाहीतर चित्रावरून पट्टे सरकत जातात.

(मॉनिटरवर उलटी अक्षरं, एका क्लिकसरशी सुलटी.)

कॅमेऱ्याला सगळं उलटं दिसतं. एडिटिंगमध्ये चित्र आडवं फिरवलं की अक्षरं सुलटी होतात, प्राध्यापक मात्र डावखुरे होतात. शर्टावर अक्षरं नकोत, एवढी काळजी पुरे. आधी व्हिडिओ फिरवायचा, मग त्यावर आकृत्या बसवायच्या. हा क्रम चुकला की सर्किट आकृतीवरची अक्षरं उलटी होतात, आणि घाईत तपासणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

(छोटा कॉलर माइक शर्टाला लागतो. आवाजाची हिरवी पट्टी.)

आता खरा मुद्दा. चित्र थोडं धूसर असलं तरी विद्यार्थी बघतो. आवाज घुमत असला की बंद करतो. खर्च करायचाच तर आधी माइकवर करावा, काचेवर नंतर. कॅमेऱ्यातला माइक इथे निरुपयोगी आहे, मध्ये काच आहे. तो फक्त जुळवणीपुरता चालू ठेवायचा: सुरुवातीला एक टाळी, दोन्ही रेकॉर्डिंगमधली टाळीची टोकं एकमेकांवर बसवली की झालं. मोबाइलने चित्रीकरण केलं असेल तर शेवटपर्यंत तपासायचं. मोबाइलचा फ्रेम रेट खालीवर होतो आणि पाचव्या मिनिटाला ओठ आणि शब्द वेगळे झालेले असतात.

माइक हनुवटीखाली वीतभर. गळ्यातली साखळी काढून ठेवायची, तिचा किणकिणाट नंतर पुसता येत नाही. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावा. शून्य ही रेकॉर्डिंगची कमाल मर्यादा. तिला टेकला की आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. पंखा, एसी बंद. भिंतींवर जाड पडदे. सगळे तयार झाले की दहा सेकंद कुणीच काही बोलायचं नाही. या रिकाम्या खोलीच्या नमुन्यावरून सॉफ्टवेअर पार्श्वभूमीची घरघर ओळखून काढून टाकतं.

(टेबलावर छापील संहिता. लाल पेनाने अर्धं पान खोडलेलं.)

पाच मिनिटांच्या बोलण्याला सहाशे ते साडेसहाशे शब्द. लिहिताना काचेवर होणारी शांतता धरली तर पाचशेच. एका क्लिपला एकच प्रश्न असावा. इथला प्रश्न असा: १० किलोओहमचा रेझिस्टर, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ५ व्होल्टची बॅटरी. एका सेकंदानंतर कपॅसिटरवर किती व्होल्ट? कपॅसिटरचे प्रकार, बांधणी, इतिहास हे सगळं लाल पेनाखाली गेलं. ते पाठ्यपुस्तकात आहे, आणि तिथे ते जास्त चांगलं वाचता येतं.

सहा मिनिटं हा आकडा हवेतून आलेला नाही. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या चार अभ्यासक्रमांतली सुमारे ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी तो सलग बघण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. तरीही तासभराचं व्याख्यान मागच्या बाकावरून जसंच्या तसं चित्रित करून संकेतस्थळावर टाकण्याची पद्धत जोरात आहे. त्याने फोल्डर भरतं.

(संगणकाचा पडदा. व्हिडिओ थांबतो, प्रश्नाची चौकट उघडते.)

दोन मिनिटं दहा सेकंदांना क्लिप आपोआप थांबते. आलेख अजून अर्धाच काढलेला आहे. पर्याय तीन: अडीच व्होल्ट, ३.१६ व्होल्ट, ५ व्होल्ट. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे एचफाइव्हपी या मोफत साधनाने केलेलं आहे, आणि ते मूडलमध्ये बसतं. मूडल म्हणजे मार्टिन डुगियामास यांनी सुरू केलेली, २००२ मध्ये पहिली आवृत्ती आलेली अध्ययन प्रणाली.

चुकीचे पर्याय विचार करून लिहावे लागतात. अडीच व्होल्ट निवडणारा चार्जिंग सरळ रेषेत होतं असं धरून चाललेला असतो. ५ व्होल्टवाल्याने टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर गुणिले कपॅसिटर, इथे एक सेकंद) म्हणजे पूर्ण चार्ज होण्याचा वेळ असा घोळ केलेला असतो. खरं तर एका टाइम कॉन्स्टंटमध्ये ६३.२ टक्के, आणि पाचांमध्ये ९९.३. प्रत्येक चुकीच्या पर्यायाला स्वतःचा प्रतिसाद लिहिलेला आहे. 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' एवढंच लिहायचं असेल तर प्रश्न घालूच नये.

(वर्ग. हात वर, मग आजूबाजूला वळून बोलणं, मग पुन्हा हात.)

क्लिप घरी बघून आल्यामुळे तासाला हा वेळ मोकळा होतो. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवलेली ही पद्धत. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये आली तर शेजाऱ्याशी वाद घालायला दोन-तीन मिनिटं, आणि पुन्हा मत. तीसच्या खाली असतील तर वाद घालून उपयोग नाही, आधी समजावून सांगावं लागतं. सत्तरच्या वर असतील तर थोडक्यात उत्तर सांगून पुढचा प्रश्न. आजचा प्रश्न: रेझिस्टर दुप्पट केला तर काय बदलेल?

(एडिटरचा पडदा. उपशीर्षकांची ओळ.)

उपशीर्षकं आपोआप तयार होतात आणि पारिभाषिक शब्दांवर हमखास अडखळतात. 'कपॅसिटर'चा 'कपॅसिटी' झाला की वाक्य बरोबर दिसतं आणि अर्थ जातो, म्हणून माणसानेच वाचायचं. एका वेळी दोनच ओळी. फाइल यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्यांची अक्षरं सांभाळणाऱ्या पद्धतीतच साठवायची, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. आणि हे बघा: या एडिटरला देवनागरी नीट जुळवता येत नाही, 'स्थिर'मधली पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आहे. अशा वेळी मजकूर चित्रावर न कोरता उपशीर्षकाची फाइल वेगळी द्यावी, प्लेअर तो नीट दाखवतो.

सेकंदाला ५ मेगाबिटच्या दराने पाच मिनिटांची फाइल साधारण १९० एमबी होते. बोर्डावर हालचाल कमी, पार्श्वभूमी काळी. १ मेगाबिटलाही अक्षरं वाचता येतात आणि फाइल ३८ एमबीच्या आत बसते. नुसता आवाज ६४ किलोबिटला २.४ एमबी. तिन्ही ठेवावेत. नेट नसलेले विद्यार्थी तरीही मागे पडतात. आणि पहिल्या काही क्लिपांमागे प्राध्यापकांचे दिवसचे दिवस जातात, त्यांची नोंद कामाच्या तासांत होतेच असं नाही.

(आलेख: कुठल्या सेकंदाला किती जणांनी मागे नेऊन पाहिलं.)

तिसऱ्या मिनिटाला हा उंचवटा. भाग कठीण आहे असा अंदाज लगेच बांधू नये. आधी क्लिप त्या जागी उघडून बघावी. बऱ्याचदा काच लवकर पुसलेली असते आणि लोक समीकरण उतरवून घ्यायला मागे गेलेले असतात. तसं असेल तर पुसण्याआधीची फ्रेम पाच सेकंद धरून ठेवली की काम होतं, नव्याने चित्रीकरण लागत नाही. त्यासाठी तयार व्हिडिओबरोबर एडिटिंगची मूळ फाइल आणि सुटा आवाजही जपून ठेवलेला हवा. आणि बोलताना 'मागच्या तासाला', 'येत्या परीक्षेत' असे शब्द कटाक्षाने टाळलेले हवेत, म्हणजे तीच क्लिप पुढच्या वर्षी न कापता चालते.