कापड वर लावायचं की खाली?

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं.

हे माझ्या हातातलं, कापडाच्या बिजागरीचं, मांडीवर ठेवून लिहायचं दुमडतं डेस्क मोडलेलं आहे, आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कोणीतरी बघायला घ्यायचा आणि त्याला वाटायचं आपल्याच हातून गेलं. माझ्या हातून गेलंय ते. अशी तीन आहेत, दोन मोडकी आणि एक चालू, आणि चालू आहे ते आज आणता आलं नाही कारण आई ते देत नाही.

तर आईपासूनच सुरू करतो. आई नामजपाच्या वह्या लिहिते, त्या चौकटीवाल्या असतात ना, रोज दोन पानं. वय ७६, पण खुर्ची-टेबल नको, दिवाणावर मांडी घालून बसायचं आणि मांडीवर उशी, उशीवर पाट, पाटावर वही. पाट घसरतो. आणि वर्षातून दोनदा कोकणात माहेरी जाते तेव्हा पाट काही एसटीत नेता येत नाही. म्हणून मला म्हणाली, अरे एवढं सुतारकाम करतोस, मला दुमडून पिशवीत जाईल असं काहीतरी करून दे. माप ठरलं ते उघडल्यावर ५० बाय ३० सेंटीमीटर, म्हणजे मिटल्यावर २५ बाय ३०, बाजाराच्या पिशवीत आरामात बसतं.

आता तुम्ही म्हणाल दोन पितळी बिजागऱ्या मारल्या की झालं. मीही तेच म्हणालो होतो. पण ६ किंवा ९ एमएमच्या प्लायच्या कडेत स्क्रू धरतच नाही, थर सुटतात. पृष्ठभागावर मारली तर स्क्रूचं टोक पलीकडे डोकावतं. आणि लोखंडी असेल तर कोकणातल्या एका पावसाळ्यात गंजून वहीवर तांबडे डाग. म्हणून कापड. कापडाची बिजागरी ही काही माझी आयडिया नाही, आपण सगळे रोज वापरतो ती, पुठ्ठ्याची कुठलीही वही किंवा जाड पुस्तक उघडा, ते कव्हर कापडाच्या किंवा कागदाच्या सांध्यावरच फिरत असतं.

लिहायच्या डेस्कमध्येही हे जुनंच आहे. जेफरसनने १७७६ मध्ये अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्या डेस्कवर लिहिला ते असंच मांडीवर घेता येईल एवढं होतं, त्याने स्वतः आखून दिलं आणि फिलाडेल्फियाच्या बेंजामिन रँडॉल्फ नावाच्या सुताराने बनवलं, दुमडणारी लिहायची फळी आणि कागद-दौतीसाठी कुलपाचा ड्रॉवर. आज ते वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे १९ व्या शतकात इंग्लंडमध्ये उतरत्या पेट्या घरोघरी आल्या, पेटी उघडली की दोन फळ्या मिळून लिहायचा उतार तयार होतो. त्या फळ्यांवर वरून चामडं नाहीतर मखमल चिकटवलेली असते आणि बऱ्याच पेट्यांमध्ये तीच मखमल बिजागरीचं कामही करते. जुन्या बाजारात अशी पेटी दिसली तर मधोमध हात फिरवून बघा, नव्वद टक्के वेळा तिथे चीर असते. (नव्वद टक्के हा माझा अंदाज हं, कुठला सर्व्हे नाही.)

मी ते फोटो बघितले आणि तसंच केलं, वरून कापड. हे बघा, हे पहिलं. दिसायला एकदम झकास, सांधा दिसत पण नाही, हिरवं कापड अख्खं सलग. आईने मांडीवर घेतलं, वही ठेवली, हात टेकवला आणि डेस्क पुस्तकासारखं मिटलं. बोटं आत. जोरात नाही लागलं, पण मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे सांगत नाही.

का मिटलं? मला हे कळायला दोन दिवस लागले, लाज वाटते सांगायला. आपण मांडी घालून बसतो तेव्हा डेस्क दोन गुडघ्यांवर टेकतं आणि मधला सांधा हवेत असतो. वजन मधे. म्हणजे हा पूल झाला. पुलावर वजन आलं की मध्य खाली जातो, वरची बाजू आक्रसते आणि खालची ताणली जाते. कापडाला फक्त ताण कळतो, दाब कळत नाही, दाबलं की ते नुसतं दुमडतं. मग वर लावलेल्या कापडाचा उपयोग काय? शून्य. इंग्रजांच्या पेटीत चालतं कारण त्या फळ्यांच्या खाली पेटीची कड असते, सांधा कधी हवेत नसतोच. मी पेटी काढून टाकली आणि कापड मात्र तिथलं तिथे ठेवलं!

कापड खाली लावलं की सगळं उलटतं. वजन आलं की खाली कापड ताणतं, वर फळ्यांच्या कडा एकमेकींवर आपटतात, आणि सांधा आपोआप लॉक होतो. जितका जोर द्याल तितका घट्ट. मिटवायचं असेल तर मधून वर उचलायचं, खालच्या बाजू एकमेकींना लागतात. याचा तोटा असा की लिहायची बाजू मिटल्यावर बाहेर राहते, पिशवीत खरचटते. त्याला एक कापडी खोळ शिवली, विषय संपला.

आता जरा गणित, घाबरू नका, एकच आहे. दोन्ही हात आणि थोडं पुढे वाकणं मिळून मी ८ किलो धरले. गुडघ्यांमधलं अंतर ४५ सेंटीमीटर. मधल्या सांध्यावर वाकवणारा जोर येतो तो ८ गुणिले ४५ भागिले ४, म्हणजे ९०. याला फळीच्या जाडीने भागायचं, कारण वर कडा टेकलेल्या आणि खाली कापड, मधलं अंतर ते जाडीएवढंच. फळी ९ एमएम म्हणजे ०.९ सेंटीमीटर, ९० भागिले ०.९, झाले १०० किलो. आठ किलो हाताला आणि कापडाला शंभर! फळी ६ एमएम घेतली तर १५० आणि ४ एमएम घेतली तर सव्वादोनशे. लोक हलकं हवं म्हणून पातळ प्लाय घेतात आणि कापड फाटलं की कापडाला नावं ठेवतात. ९ एमएमचं अख्खं डेस्क साधारण पाऊण किलोच्या आसपास भरतं, तेवढं वजन सोसा. शंभर किलोला घाबरायचं कारण नाही, तो जोर ३० सेंटीमीटर लांबीवर वाटला जातो, म्हणजे सेंटीमीटरला साडेतीन किलोच्या आत, बऱ्यापैकी कॅनव्हास हे हसत घेतो.

कापड घेतं, पण फट घेत नाही. चिकटवताना दोन फळ्यांमधे १ एमएमची फट राहिली तर वजन आल्यावर कडा टेकेपर्यंत मध्य किती खाली जातो माहितीये? सव्वा सेंटीमीटर. मी करून बघितलंय. पेन गडगडतं. म्हणून चिकटवताना फळ्या उलट्या, तोंड खाली करून सपाट टेबलावर ठेवायच्या, दोन्हीकडून पाचर ठोकून घट्ट भिडवायच्या आणि मग कापड. आणि भिडणारी कड रंध्याने किंचित तिरकी काढायची, म्हणजे वरची धार आधी टेकते. बिनवजनाचं डेस्क केसभर फुगीर दिसतं आणि हात ठेवला की सपाट होतं.

कापड कुठलं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. माझे काका बाइंडिंग करायचे, शनिवार पेठेत दुकान होतं, लहानपणी सुट्टीत मी तिथे खळ ढवळायला असायचो (मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून, आणि त्या हाताने खायचं नाही ही सक्त ताकीद). काकांना फोन केला. म्हणाले, "अरे कापड धू आधी." मी म्हटलं काका, कोरं आहे. "कोरं आहे म्हणूनच धू. कांजी असते त्यात, गम आत शिरत नाही, वरवर धरतो." बरोबर होतं त्यांचं. शिवाय धुतलं की जे आटायचं ते आधीच आटतं.

एका गोष्टीत मात्र काकांचं आणि माझं जमलं नाही. बाइंडर लोक कापडाचा ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, पुस्तकाच्या कण्याला समांतर ठेवतात, नाहीतर पुठ्ठा वाकडा होतो. आपल्याला उलटं पाहिजे. आपला सगळा जोर सांध्याच्या आडवा आहे, आणि कापडात ताणाच सहसा जास्त मजबूत आणि कमी ताणला जाणारा, म्हणून तो सांधा ओलांडून गेला पाहिजे. काका दहा मिनिटं वाद घालत होते, मग म्हणाले कर बाबा, डेस्क तुझं. आणि उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं, कापू नका, कृपा करून. उरेबी पट्टी गळ्याला छान बसते कारण ती ताणते, इथे तेच नको आहे.

मांजरपाट पातळ पडतो. दोसुती, म्हणजे दुहेरी सुताचं जाड कापड, चालते. १० औंसाचा कॅनव्हास उत्तम. नवार कोणीतरी सुचवली होती, खाटेची, ती मजबूत आहे पण इतकी जाड की डेस्क मिटतच नाही, तोंड उघडं राहतं. रेक्झिन नको, वरचा थर घडीवर सुटतो आणि आतलं कापड अगदी जाळीसारखं असतं. सगळ्यात स्वस्त आणि मस्त म्हणजे जुनी जीन्स. पण कशी कापायची ते बघा: जीन्समध्ये ताणा पायाच्या लांबीत जातो, तो आपल्याला सांध्याला आडवा हवा, म्हणजे पट्टीची ३० सेंटीमीटर लांबी पायाच्या घेरात काढायला लागते. शिवण उसवून मांडीचा भाग उलगडला की निघते. मागची बाजू घ्या, गुडघ्याजवळची विटलेली नको, ती आधीच अर्धी मेलेली असते.

आता हे दुसरं मोडकं. याचं कापड खालीच आहे, ताणा बरोबर आहे, तरी गेलं. जवळ येऊन बघा, फाटलंय कुठे? घडीत मधोमध नाही. फळीच्या धारेवर, अगदी सुरीने कापल्यासारखं, आणि सुरुवात कोपऱ्यातून. दोन चुका होत्या. एक म्हणजे मी कडा पटाशीने साफ करून काटकोनात धारदार ठेवल्या होत्या, मोठ्या अभिमानाने. उघडमिट करताना कापड त्या धारेवर रोज घासलं. आता मी खालची धार पॉलिश पेपरने एक-दीड एमएम मोडतो, बोट फिरवलं तर टोचता कामा नये.

दुसरी चूक गमची. पांढरा गम मी सढळ हाताने लावला आणि तो घडीत झिरपला, वाळल्यावर तिथे कापड राहिलंच नाही, प्लास्टिकची पट्टी झाली, ती वाकत नाही, मोडते. सांध्याच्या मधल्या ३ एमएमला गम लागताच कामा नये. त्यासाठी उपाय साधा आहे, कापडावर मधोमध मेणबत्ती घासायची, दोन-तीनदा, दाबून. मेण बसलं तिथे गम शिरत नाही. पण रेघ बारीक ठेवा, मेण पसरलं तर जिथे चिकटायला हवं तिथेही चिकटणार नाही, हेही मी करून बसलोय. दोन थर लावायचे असतील तर घडीपाशी ते एकमेकांना चिकटवू नका. सुटे दोन थर जेवढे कडक, तेच एकमेकांना चिकटवले की साधारण चौपट कडक होतात, जाडीचा घन येतो ना तिथे. आणि वरचा थर रुंद, आतला अरुंद ठेवा, दोघांच्या कडा एका रेषेत आल्या की तिथे नवीन धार तयार होते.

कोपऱ्यासाठी पट्टी दोन्ही टोकांना दोन सेंटीमीटर जास्त कापून आत दुमडायची, साडीला फॉल लावताना टोक आत घेतात तसं. कापलेली टोकं तशीच सोडली की धागे सुटायला लागतात आणि फाटायला सुरुवात तिथूनच.

मधे मला एक मोह झाला होता तोही सांगतो. जपानी घडीचे पडदे असतात, बियोबू, त्यात आधी फळ्या चामड्याच्या किंवा रेशमी दोऱ्यांनी बांधायचे, मग साधारण १४ व्या शतकापासून कागदाच्या बिजागऱ्या आल्या, आळीपाळीने एक पट्टी पुढून मागे आणि एक मागून पुढे. त्यामुळे पडदा दोन्हीकडे दुमडतो, फटही राहत नाही आणि चित्र सलग दिसतं. लाकडी फळ्यांचं ते फितीवरून गडगडत खाली येणारं खेळणं असतं, त्यातही हीच युक्ती. मी खुळावलो, रविवार घालवून सहा पट्ट्या विणल्या, इतकं सुंदर झालं. आणि मांडीवर घेतल्यावर? दोन्हीकडे दुमडतं म्हणजे दोन्हीकडे पडतं! कुठेच लॉक नाही. ते आता भाचीकडे आहे, भातुकलीचा पडदा म्हणून.

प्रश्न आहे का? हो, बोला. "डेस्कला पाय लावले तर?" चार कोपऱ्यांना लावले तर पूल तसाच, कापड खालीच. सांध्याच्या खाली आधार दिला, एखादी फिरणारी पट्टी, तर कापड वर चालेल. मग पट्टी फिरवायला विसरलात की बोटं आत.

आणि त्या ताई विचारतायत, कापड बदलायचं झालं तर. चांगला प्रश्न आहे. खळ किंवा सरस (जनावरांच्या हाडा-कातड्याचा गम) असेल तर कोमट पाण्याचं फडकं ठेवलं की सुटतं, पण सरस कोकणच्या दमट हवेत मऊ पडतो आणि खळीला कितीही मोरचूद घाला, किडे येतातच. पांढरा गम सुटता सुटत नाही, घासत बसावं लागतं, प्लायचा थर जातो. म्हणून आईच्या डेस्कला मी कापड दोन्ही बाजूंनी सागाच्या पातळ पट्टीखाली दाबलंय, प्रत्येक पट्टीला पाच-पाच छोटे पितळी स्क्रू, फळीच्या सपाट अंगात जाणारे, कडेत नाही. मिटल्यावर पट्ट्या एकमेकींवर येऊ नयेत म्हणून दोन्ही फळ्यांत त्यांच्याएवढी खाच काढली. कापड बदलायला दहा मिनिटं. अजून वेळ आलेली नाही, दीड वर्ष झालं. आईची तक्रार आता वेगळीच आहे, डेस्क सपाट राहतं तर वही घसरते, खाली एक काठ लाव म्हणते.