उडी सगळ्यात शेवटी

पिल्लू घरी आलं की आठवडाभरात घरोघरी एक व्हिडिओ निघतो. पिल्लू सोफ्यावरून खाली उडी मारतं, सगळे टाळ्या वाजवतात, ते पुन्हा चढतं, पुन्हा उडी. आजच्या विषयाची सुरुवात या उडीपासूनच करू या. अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्याने आपल्याबरोबर धावत उडी, बोगदा (टनेल), अरुंद फळी असे अडथळे पार करायचा खेळ. तो शिकवायचा म्हणजे उड्या शिकवायच्या, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा.

पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक मऊ थर असतो, ग्रोथ प्लेट म्हणतात त्याला. हाड लांबीला वाढतं ते इथून. हा थर आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षाही नाजूक असतो. म्हणून ज्या झटक्यात मोठ्या कुत्र्याचा पाय नुसता मुरगळतो, त्याच झटक्यात पिल्लाची ही प्लेट दुखावते. उडीनंतर जमिनीवर येताना भार पडतो पुढच्या पायांवर. तिथे मनगटाजवळ अल्ना नावाच्या हाडाची प्लेट शंकूच्या आकाराची आहे, त्यामुळे धक्का बसला की ती बाजूला सरकत नाही, चेपते. अशी चेपलेली प्लेट वेळेआधी बंद झाली तर अल्नाची वाढ थांबते, शेजारचं रेडियस हे हाड मात्र वाढत राहतं आणि पाय धनुष्यासारखा बाकतो. लंगडणं दोन दिवसांत थांबलेलं असतं, त्यामुळे घरचे निर्धास्त होतात. बाक नजरेत यायला पुढे काही आठवडे जातात.

लहान चणीच्या जातींत या प्लेट साधारण ८ ते १२ महिन्यांत बंद होतात, लॅब्राडॉरसारख्या मोठ्या कुत्र्यांत १४ ते १८ महिनेही लागतात. अ‍ॅजिलिटीचा खेळ पहिल्यांदा लोकांपुढे आला तो १९७८ साली लंडनमध्ये क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात, घोड्यांच्या शो-जंपिंगवरून बेतलेला. आज ब्रिटनमधल्या केनेल क्लबच्या स्पर्धेत १८ महिने पुरे झाल्याशिवाय कुत्रा उतरवता येत नाही, अमेरिकन केनेल क्लबची अट १५ महिन्यांची आहे. या मर्यादा उगाच घातलेल्या नाहीत.

मग घरी आलेल्या दोन-अडीच महिन्यांच्या लॅबच्या पिल्लाला वर्षभर शिकवायचं काय? पुष्कळ काही. आपले चार पाय कुठे आहेत हे त्याला कळायला हवं, हलणाऱ्या आणि वाजणाऱ्या वस्तूंची भीती जायला हवी, आणि आपल्याबरोबर काम करण्यात त्याला गोडी वाटायला हवी. हे तिन्ही घरात, फ्लॅटच्या हॉलमध्ये होतं. आणि घरातच व्हावं, कारण लसींचे डोस १६ आठवड्यांपर्यंत चालतात आणि पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. तोवर दुसऱ्याच्या कुत्र्याने वापरलेलं टनेल किंवा मॅट उसनी आणू नका. बाहेरचं जग दाखवायचं ते कडेवर घेऊन.

पहिलं काम फरशीचं. आपल्या घरातल्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइलवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात, ते सावरायला जातं आणि मांडीचा स्नायू ताणला जातो. दोन-तीन योगा मॅट शेजारी-शेजारी अंथरून कडा टेपने चिकटवा. नुसती सतरंजी घसरते, तिच्याखाली रबरी जाळी हवी. चालताना नखांची टकटक ऐकू येत असेल तर नखं वाढली आहेत, ती आधी कापा.

आता पाट. हो, जेवायला बसायचा लाकडी पाट. दीड-दोन इंच उंच, पक्का आणि रुंद, पिल्लासाठी याहून चांगलं साधन विकत मिळत नाही. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवा म्हणजे सरकणार नाही, वर रबरी मॅटचा तुकडा लावा. खाऊचा तुकडा पिल्लाच्या नाकाशी धरून हात सावकाश पाटावरून पुढे न्या. पुढचे दोन पाय वर आले त्या क्षणी एक ठरलेला शब्द, ‘छान’ म्हणा, आणि तुकडा तिथेच द्या. पाय वर असेपर्यंत आणखी दोन तुकडे द्या, मग एक जमिनीवर टाका म्हणजे ते स्वतःहून उतरेल. असं पाच वेळा करायचं आणि पाट उचलून ठेवायचा. इथे बहुतेकांचा हात वर जातो. हात वर गेला की नाक वर, नाक वर गेलं की पार्श्वभाग खाली, आणि पिल्लू बसून घेतं. हात नाकाच्या रेषेत ठेवा. मागून ढकलायचं तर मुळीच नाही. ढकललेलं पिल्लू पाटाकडे जायचंच सोडतं.

चार-पाच दिवसांत ते आपण होऊन पाय ठेवायला लागलं की त्याच्यासमोर उभे राहा आणि एक छोटं पाऊल बाजूला टाका. तुमच्या समोर राहण्यासाठी त्याला मागचे पाय सरकवावे लागतात. मागचा एक पाय हलला रे हलला की ‘छान’. कुत्र्याला पुढच्या पायांचं भान उपजत असतं, मागचे पाय त्यांच्यामागून फरफटत येतात. स्पर्धेतल्या डॉग वॉकवरून, म्हणजे सव्वा मीटर उंचीच्या अरुंद फळीवरून, कुत्रा घसरतो तो या मागच्या पायांमुळे. डावीकडे जितक्या वेळा, तितक्याच वेळा उजवीकडे. पिल्लू चारही पाय वर चढवत असेल तर पाट मोठा पडतोय, लहान घ्या.

दांड्या जमिनीवरच ठेवायच्या. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे पिल्लाच्या खांद्याइतक्या अंतरावर मांडा, टोकांना टेप लावा. पाइप पायाखाली घरंगळला तर पाय मुरगळतो. शेजारून अगदी हळू चाला. पिल्लू दांड्या ओलांडायच्या ऐवजी उड्या मारायला लागलं तर तुमचा वेग जास्त आहे.

टनेलसाठी वॉशिंग मशीनचं खोकं दोन्हीकडून उघडा, स्टेपलच्या पिना काढून टाका. दोन्ही बाजूंना तांदळाच्या पिशव्या टेकवा, कारण आत असताना खोकं एकदा हललं की पुढचे कित्येक दिवस ते आत जात नाही. एकाने पिल्लाला या टोकाशी धरायचं, दुसऱ्याने त्या टोकाशी बसून आरपार तोंड दाखवायचं. सरळ खोकं आठवडाभर, वळण नंतर.

सी-सॉची, म्हणजे पायाखाली वर-खाली कलणाऱ्या फळीची, भीती कुत्र्याला उंचीपेक्षा आदळण्याच्या आवाजाची आणि पायाखालची जमीन सरकण्याची असते. म्हणून दीड फुटाची प्लायवूडची फळी घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. ती अर्धा इंच कलली तरी पहिल्या आठवड्यात पुरे. टॉवेलची एकेक घडी कमी करत गेलात की हालचाल आणि आवाज दोन्ही हळूहळू वाढतात.

एक सत्र दोन-तीन मिनिटांचं, दिवसातून दोनदा किंवा तीनदा. जेवणानंतर तासभर थांबा. खाऊ अर्ध्या हरभऱ्याएवढा, उकडलेलं चिकन किंवा पनीर, आणि तेवढं रोजच्या खाण्यातून वजा. मनुके कधीच नाहीत, ते कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. मार्च ते मे, उन्हाळ्यात, सकाळचं सत्र आठच्या आत उरका. जांभया, ओठ चाटणं, मान फिरवणं, जमीन हुंगत निघून जाणं, हे दिसलं की पिल्लू थकलंय किंवा गोंधळलंय. तिथेच थांबा. एका बाजूला पाय टाकून बसत असेल किंवा धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलत असेल तर डॉक्टरांना दाखवा. लॅबमध्ये खुब्याचा दोष नेहमी आढळतो.

आणि कॅल्शियमचं सिरप. ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून घरोघरी बाटली असते. मोठ्या जातीचं पिल्लू सहा महिन्यांपर्यंत जास्तीचं कॅल्शियम रोखू शकत नाही, पोटात गेलेलं बरंचसं शरीरात शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते. पिल्लांसाठीचं संतुलित खाणं चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ही बाटली उघडू नका. हे मी कळकळीने सांगतो.

वीव्ह पोल, म्हणजे ज्यांच्यामधून कुत्रा नागमोडी धावतो ते ओळीतले खांब, आणि उंच उडी यांची वेळ सगळ्यात शेवटी येते. स्पर्धेतल्या १२ खांबांमधलं अंतर ६० सेंटिमीटर, त्यातून जाताना पाठीचा कणा दर पावलाला डावी-उजवीकडे पिळतो. म्हणून प्लेट बंद झाल्याचं एक्स-रेमध्ये दिसल्यावरच उडीचा पहिला बार, म्हणजे आडवी दांडी, लावायचा. बार कुत्र्याच्या कोपरापेक्षा खाली, मातीवर किंवा हिरवळीवर, काँक्रीटवर कधीच नाही. पहिल्या दिवशी पाच उड्या पुरेत.