निविदेतील गुणांना हरकत कशी घ्यावी

श्रोतेहो, नमस्कार. संगणक, सॉफ्टवेअर किंवा सीसीटीव्हीच्या सरकारी निविदेत आधी तांत्रिक लिफाफा उघडतो आणि त्यात पात्र ठरणाऱ्यांचाच दराचा लिफाफा पुढे उघडला जातो, हे आपण जाणताच. वाद बहुधा पहिल्या लिफाफ्यावरून होतात.

बीड जिल्ह्यातील एका तरुण व्यावसायिकाची हकिकत सांगतो. एका कार्यालयाने जुने दप्तर संगणकावर आणण्यासाठी निविदा काढली होती. पात्रतेसाठी 100 पैकी 70 गुण हवे होते आणि त्यातील 30 गुण सादरीकरणाला होते. एप्रिलच्या दुपारी याचे सादरीकरण जेमतेम सुरू झाले आणि वीज गेली. समितीचे सदस्य चहाला उठले, आणि वीज परतली तेव्हा पुढच्या कंपनीची वेळ झाली होती. आपल्याकडे साहेबांच्या पंख्याला इन्व्हर्टर असतो, प्रोजेक्टरला नसतो. हा माझा जुनाच राग आहे. सादरीकरणाचे 4 गुण मिळाले, एकूण बेरीज 67 झाली आणि तो अपात्र ठरला.

त्याच्या वकिलांनी बजावले, "तुमचे सॉफ्टवेअर किती उत्तम आहे, हे लिहू नका. इतरांना पूर्ण वेळ मिळाला, तुम्हाला मिळाला नाही, एवढेच लिहा." त्यामागे कायदा आहे. मोबाइल सेवेच्या परवान्यांवरून उद्भवलेल्या टाटा सेल्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये स्पष्ट केले की, न्यायालय समितीच्या निर्णयावर अपील ऐकत नाही, तो निर्णय कोणत्या प्रक्रियेने झाला ते तपासते. पुन्हा सांगतो, तपासली जाते ती प्रक्रिया. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांनीही निविदेच्या अटी, प्रक्रिया आणि देकार, म्हणजे आपण भरलेला प्रस्ताव, फेटाळणे यांवर प्रश्न विचारण्याची मुभा दिली आहे.

तरुणाने समितीचे इतिवृत्त आणि वीज उपकेंद्राच्या नोंदवहीतील वेळ जोडून, दराचे लिफाफे उघडण्यापूर्वीच लेखी आक्षेप नोंदवला. ही वेळ फार महत्त्वाची असते, कारण कार्यादेश निघून काम सुरू झाल्यावर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात गेले, तरी सार्वजनिक काम अडेल हा मुद्दा आडवा येतो. कार्यालयाने फेरसादरीकरण घेतले, तो पात्र ठरला, त्याचा लिफाफा उघडला. काम मात्र कमी दराच्या दुसऱ्याच कंपनीला मिळाले, आणि त्यावर त्याने आक्षेप घेतला नाही.