सीताबर्डीची लांबी किती?

(दृश्य: संध्याकाळची गर्दी, दुकानांवरच्या मराठी पाट्या.)

सदर, महाल, इतवारी, सीताबर्डी. नागपुरातल्या कुठल्याही ऑटोवाल्याला ही नावं पुरतात. आता तीच सी भाषेतल्या एका छोट्या प्रोग्रामला देऊ. प्रत्येक नावासाठी जागा ठेवली आहे २० बाइट (बाइट म्हणजे आठ बिटांचा, आठ शून्य-एकचा गट).

(दृश्य: काळा स्क्रीन. एकेक नाव उमटतं.)

सदर आलं. महाल आलं, इतवारीही आली. सीताबर्डीच्या जागी मात्र ‘सीताबर’ आणि पुढे चौकटीतलं प्रश्नचिन्ह. ‘र’चा पाय मोडायच्या आतच जागा संपली.

सी भाषेतला ‘कॅर’, म्हणजे अक्षर ठेवायचा प्रकार, एका बाइटचा. इंग्रजी अक्षराला तेवढं पुरतं. यूटीएफ-८ या, अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलंत हीसुद्धा स्वतंत्र चिन्हंच. सीताबर्डीत अशी चिन्हं नऊ, म्हणजे २७ बाइट. वाचणाऱ्याला दिसतात ती अक्षरं चार. ‘स्ट्रलेन’ या सीमधल्या फंक्शनला लांबी विचारली तर ते बिनदिक्कत २७ सांगतं, कारण मजकूर संपल्याची खूण म्हणून ठेवलेल्या शेवटच्या शून्यापर्यंतचे बाइट मोजणं एवढंच त्याचं काम.

इतवारी १८ बाइटांत बसते, म्हणून ही चूक चाचणीत लपून राहते. नागपूरकर बोलतात तसं नुसतं ‘बर्डी’ लिहिलं असतं, तर १५ बाइटांतच भागलं असतं!

(दृश्य: बाइटांची रांग, शून्य-एकच्या रूपात.)

यूटीएफ-८ ची रचना केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांची. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर ती मांडली गेली. तिची खुबी अशी, की चिन्हाचा पहिल्यानंतरचा प्रत्येक बाइट ‘१०’ या दोन बिटांनी सुरू होतो. नाव तोडायचंच असेल, तर तोडायच्या जागेपासून असे बाइट ओलांडत मागे सरकायचं. चिन्हाचा पहिला बाइट लागला, की त्याच्या आधी तोडायचं. प्रश्नचिन्ह जातं. ‘सीताबर’ मात्र राहतंच.

दुसरा मार्ग ‘वाइड कॅरेक्टर’चा, म्हणजे एका बाइटाहून मोठ्या खणात अख्खं चिन्ह ठेवायचा. सुरुवातीला ‘सेटलोकेल’ हे भाषेची मांडणी ठरवणारं फंक्शन बोलवायला विसरलात, तर तो पहिल्याच चिन्हाला अडू शकतो. शिवाय त्याचा प्रकार ‘डब्ल्यूकॅर-टी’ लिनक्सवर चार बाइटांचा, विंडोजवर दोन. एवढं करून उत्तर येतं नऊ, चार नाहीच. चार हवे असतील तर आयसीयू ही युनिकोड हाताळणारी लायब्ररी (तयार कोडचा संच), तीही नवी आवृत्ती. ‘र्डी’ हे एकच अक्षर धरायचा नियम युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, २०२३ साली आला. अक्षरं नीट राखून तोडलं तरी हाती येतं ‘सीताब’, आणि तिथे कोणता ऑटो नेणार?

त्यापेक्षा जागाच वाढवावी. सीताबर्डीचे २७ आणि शेवटचा शून्य, झाले २८. यादीत पुढचं नाव गड्डीगोदाम. त्याला ३१ लागतात.