बिजागरीतला पुरावा

(दृश्य : टेबलावर उघडा डीएस लाइट. दोन हात तो उचलून फिरवतात.)

हा निन्टेन्डो डीएस लाइट, दोन पडद्यांचं, पुस्तकासारखं मिटणारं हातातलं खेळयंत्र. तो हातात कसा धरलाय, ते आधी पाहा. एरवी एक पडदा वर, एक खाली. इथे मात्र यंत्र फिरवून पुस्तकासारखं धरलंय आणि बिजागरी मधोमध उभी आहे. स्पर्शाचा पडदा उजवीकडे. डावखुऱ्यांना खेळ सुरुवातीलाच विचारून घेतो आणि बाजू बदलून देतो.

खेळ आहे ‘होटेल डस्क : रूम 215’. जपानमधल्या फुकुओका शहरातल्या ‘सिंग’ या छोट्या स्टुडिओने तो बनवला आणि निन्टेन्डोने 2007च्या जानेवारीत बाजारात आणला. कथालेखन रिका सुझुकी यांचं, दिग्दर्शन ताइसुके कानासाकी यांचं. गोष्ट 28 डिसेंबर 1979 या एका तारखेला सुरू होते. न्यूयॉर्कचा माजी पोलीस डिटेक्टिव्ह काइल हाइड आता फिरता विक्रेता झालाय. गायब झालेल्या जुन्या सहकाऱ्याचा शोध डोक्यात आहेच, आणि मालकाने सोपवलेल्या कामासाठी तो या आडबाजूच्या हॉटेलात उतरतो. खोली मिळते 215. इथे राहणाऱ्याची इच्छा पूर्ण होते म्हणे.

(दृश्य : पडद्यावर पेन्सिलीतला चेहरा, अगदी जवळून. रेषा थरथरतात.)

या रेषा नीट बघा. माणूस गप्प उभा आहे, तरी बाह्या, भुवया, जबड्याची कड सतत हलतेय. हे रोटोस्कोपिंग. खऱ्या माणसांचं चित्रीकरण घ्यायचं आणि त्यातल्या हालचालींवरून एकेक चौकट रेखाटायची. डीएसचा प्रत्येक पडदा जेमतेम 256 बाय 192 ठिपक्यांचा. त्यावर त्रिमितीतले चेहरे ओबडधोबड दिसतात, नाकाची कड पायऱ्यापायऱ्यांची होते. पेन्सिलीच्या रेषेला ते नडत नाही, ती मुळातच खडबडीत असते. यंत्राची कमजोरी अशी शैलीत जिरवलेली फार थोड्या खेळांत सापडते.

चौकशी सुरू झाली की एका पडद्यावर हाइड, दुसऱ्यावर समोरचा माणूस. मधे बिजागरी. प्रश्न निवडायचे असतात आणि वेळ साधायची असते. चुकीचा प्रश्न विचारला, उगाच आरोप केला, की समोरचा बिथरतो. फार बिथरला तर हॉटेलचा मालक हाइडला बाहेर काढतो. खेळ संपला. म्हणून कुणाचंही दार ठोठावण्याआधी सेव्ह करून ठेवावं. ऐकलेली नावं, तारखा स्टायलसने, म्हणजे पडद्यावर लिहायच्या काडीने, खेळातल्या नोंदवहीत स्वतःच्या अक्षरात लिहाव्यात. प्रकरण संपताना हाइड मनाशी उजळणी करतो, आणि उत्तरं खेळणाऱ्यालाच द्यावी लागतात.

(दृश्य : जिगसॉचा शेवटचा तुकडा बसतो. हात थांबतो.)

आता हे कोडं. एका लहान मुलीचा जिगसॉ जुळवून झालाय, पण हवा असलेला मजकूर चित्राच्या मागच्या बाजूला आहे. उलटायचं कसं? स्टायलसने कडा ओढून बघा, कोपऱ्यात टोचून बघा, काही होत नाही. बटणं तर या खेळात फारशी लागतच नाहीत.

(दृश्य : झाकण हळूच मिटतं. टक्. पुन्हा उघडतं.)

झालं. चित्र उलटलं.

डीएस लाइटच्या झाकणात छोटं चुंबक आहे आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर. झाकण मिटलं की सेन्सर खेळाला कळवतो. बाकीचे खेळ ही खबर मिळाली की झोपी जातात. इथे तीच खबर कोड्याचं उत्तर म्हणून वापरली आहे. वैतागून यंत्र मिटून ठेवलं आणि उघडल्यावर कोडं सुटलेलं, असा प्रकारही इथे घडू शकतो.

याच स्टुडिओचा 2005चा खेळ, ‘अनदर कोड’, आणखी पुढे जातो. तिथे धूळ उडवायला मायक्रोफोनवर फुंकर मारावी लागते. झाकण मिटून वरच्या पडद्यावरचा शिक्का खालच्यावर उमटवावा लागतो. आणि एका ठिकाणी दोन पडद्यांवर दोन अर्धी चित्रं दिसतात. झाकण थोडं कलतं करून एका पडद्याचं प्रतिबिंब दुसऱ्यात पाडलं की त्यांचं एक चित्र होतं.

(दृश्य : उघडलेला डीएस लाइट, बिजागरीतून जाणारी पातळ पट्टी-केबल.)

हे सगळं ज्या भागावर उभं आहे, तोच आधी जातो. डीएस लाइटची उजवी बिजागरी वरच्या कवचापाशी तडकते. तडा रुंदावला की झाकण लोंबकळतं, आणि वरच्या पडद्याच्या केबलवर ताण येतो. पडद्यावर रेघा आल्या, किंवा झाकण हलवलं की चित्र जातं-येतं, तर संशय या केबलवर घ्यावा. कवच बदलताना बॅटरी आधी काढायची. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पुरत नाही, तीन पाकळ्यांचा ट्राय-विंगही लागतो, आणि तो नेमक्या मापाचा. सैल असला तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि काम तिथेच अडतं. केबल गुंडाळी करून बिजागरीच्या पोकळीतून सरकवायची, ओढायची नाही. बहुतेक केबली फाटतात त्या इथेच.

स्टायलस टेकवला एकीकडे आणि खूण उमटली दुसरीकडे, तर सेटिंगमध्ये जाऊन टचस्क्रीन पुन्हा जुळवून घ्यायचा. खूण येईल तिच्या बरोबर मध्यावर टोक टेकवायचं, घाईने नाही. खेळाचं कार्ड वाचलं जात नसेल तर त्याच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळू द्याव्यात.

(दृश्य : संगणकावर एम्युलेटर. मेन्यूवर कर्सर.)

खेळाची फाइल जपली म्हणजे खेळ जपला, असं मानणाऱ्यांनी हे पाहावं. एम्युलेटर म्हणजे संगणकावर डीएसची नक्कल करणारा प्रोग्राम. त्याच्या मेन्यूत ‘झाकण मिटा’ असा पर्याय असतो. तो दिसला की उत्तर आधीच फुटलं. आणि प्रतिबिंबासाठी मेन्यूत कसलाच पर्याय घालता येत नाही.

2010 साली हाइडची दुसरी गोष्ट, ‘लास्ट विंडो’, आली. त्याच वर्षी सिंगचं दिवाळं निघालं. 2024मध्ये ‘अनदर कोड’ निन्टेन्डोच्या स्विच या नंतरच्या यंत्रावर नव्याने आला, पण स्विचला ना बिजागरी ना दुसरा पडदा, त्यामुळे कोडी नव्याने रचावी लागली.

(दृश्य : टेबलावर 3डीएस आणि 2डीएस शेजारी शेजारी.)

जुनं कार्ड डीएसनंतर आलेल्या 3डीएस या यंत्रात चालतं. खेळ सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरलं की चित्र मूळ ठिपक्यांत येतं, नाहीतर ताणलेलं आणि धूसर दिसतं. पेन्सिलीच्या रेषांना हा फरक चांगलाच जाणवतो. मूळच्या 2डीएसला, म्हणजे 3डीएसच्या सपाट भावंडाला, बिजागरीच नाही. तिथे झोपेसाठी एक सरकतं बटण आहे, ते सरकवून परत आणायचं, की जिगसॉ उलटतो. ‘अनदर कोड’ खेळायचा असेल तर मात्र 2डीएस घेऊ नये. त्याचे पडदे एकमेकांकडे वळतच नाहीत.