दुसऱ्या क्रमांकावरचे गाणे : पल्पचे ‘कॉमन पीपल’

२२ मे १९९५ रोजी शेफील्डच्या ‘पल्प’ या बँडचे ‘कॉमन पीपल’ हे सिंगल, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेली छोटी रेकॉर्ड, ब्रिटनमधील दुकानांत आले आणि त्याच आठवड्यात विक्रीच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसले. पहिल्या क्रमांकावर रॉबसन आणि जेरोम ही जोडी होती. दूरचित्रवाणी मालिकेतून घराघरांत पोहोचलेल्या या दोन अभिनेत्यांनी ‘अनचेन्ड मेलडी’ हे जुने गाणे नव्याने गायिले होते, ते सात आठवडे तेथून हलले नाही आणि वर्षाअखेर देशातील सर्वाधिक खपाचे सिंगल ठरले. पल्पला मात्र दुसरे स्थानही अप्रूपाचे होते. गायक जार्विस कॉकरने हा बँड १९७८ मध्ये, शाळेत असताना काढला होता. त्यानंतर कितीतरी वर्षे सदस्य येत-जात राहिले, रेकॉर्ड निघत राहिल्या, पण त्यांना विचारणारे फारसे कोणी नव्हते.

गाण्याची बीजकथा लंडनच्या सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयातील आहे. तेथे चित्रपटाचे शिक्षण घेत असताना कॉकरची एका ग्रीक विद्यार्थिनीशी ओळख झाली आणि आपल्याला सामान्य माणसांसारखे जगून पाहायचे आहे, असे ती बोलून गेली. गाण्यातला निवेदक तिला सुपरमार्केटमध्ये नेतो आणि खिशात पैसे नाहीत असे समज, म्हणून सांगतो. ती हसते, आणि तो म्हणतो की येथे दुसरे कोणीच हसताना दिसत नाही. गाण्याचा सारा सल या एका प्रसंगात आहे. भाड्याच्या खोलीत भिंतीवरून झुरळे फिरू लागली तरी वडिलांना एक फोन केला की तिची सुटका होणार आहे. ज्यांना असा फोन करता येत नाही, त्यांच्या जगण्याची चव घेण्याची तिला हौस आहे.

चाल जन्मली ती लंडनच्या नॉटिंग हिल भागातून घेतलेल्या जुन्या कॅसिओ कीबोर्डवर. निर्माता ख्रिस थॉमस याच्या हाताखाली तिला भरदार रूप आले, तरी मूळचा साधेपणा लोपला नाही. आरंभी कॉकर जवळजवळ गप्पा मारल्यासारखा गातो. मग लय कडव्यागणिक वाढत जाते, आणि शेवटी तो ओरडतो आहे हे ऐकणाऱ्याच्या उशिराच लक्षात येते.

रेडिओसाठी गाणे कापून छोटे करण्यात आले, आणि त्यात सर्वांत जहरी कडवे गेले: कोपऱ्यात पडून असलेला कुत्रा केव्हा चावेल याचा नेम नसतो, असे बजावणारे. लक्षावधी श्रोत्यांनी प्रथम ऐकले ते हे दात काढलेले गाणे होते. त्याचे स्वागत एखाद्या जल्लोषगीतासारखे झाले, याचे थोडे कारण त्या कात्रीत असावे असे मला वाटते. पण सगळे नव्हे, कारण पूर्ण गाणेही लोकांनी तितक्याच आनंदाने म्हटले.

त्याची प्रचिती महिन्याभरात ग्लॅस्टनबरी या इंग्लंडमधील संगीत महोत्सवात आली. शनिवारचा मुख्य कार्यक्रम ‘स्टोन रोझेस’ या बँडचा होता, त्यांचा गिटारवादक जॉन स्क्वायर सायकलवरून पडला, गळपट्टीचे हाड मोडले आणि ऐन वेळी पल्पला बोलावणे गेले. २४ जूनच्या रात्री, आमच्यासारखे लोक येथवर येऊ शकतात तर तुम्हीही येऊ शकता, अशा अर्थाचे चार शब्द बोलून कॉकरने अखेरचे गाणे म्हणून ‘कॉमन पीपल’ सुरू केले आणि अफाट जमावाने ते शब्दन् शब्द उचलून धरले. त्या गर्दीत गाण्याने ज्यांची टर उडवली आहे असे हौशी जीवही थोडेथोडके नसणार, आणि तेही तितक्याच जोरात गात असणार.

ऑगस्टमध्ये ब्लर आणि ओअ‍ॅसिस या दोन प्रतिस्पर्धी बँडनी एकाच दिवशी सिंगल काढले आणि वृत्तपत्रांनी त्याला मध्यमवर्ग विरुद्ध कामगारवर्ग असा वर्गयुद्धाचा रंग दिला. वर्गाविषयी खरोखर काही सांगणारे गाणे तोवर तीन महिने बाजारात होते. ऑक्टोबरच्या अखेरीस पूर्ण गाणे ‘डिफरंट क्लास’ या अल्बममध्ये आले. त्या अल्बमला १९९६ चा मर्क्युरी पुरस्कार, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान, मिळाला, आणि २०१४ मध्ये बीबीसी रेडिओ ६ म्युझिकच्या श्रोत्यांनी ब्रिटपॉपचे, म्हणजे नव्वदच्या दशकातील ब्रिटिश गिटार-पॉपच्या लाटेचे, सर्वोत्तम गीत म्हणून ‘कॉमन पीपल’ला पहिला क्रमांक दिला.