आंबा दाबू नका, हुंगा

नमस्कार श्रोतेहो. घरोघरी आंब्याच्या पेट्या उतरतायत, तेव्हा आज बोलूया आंबा मऊ कसा होतो त्याबद्दल.

कोकणातली कुडाची भिंत आठवा. कामट्या विणलेल्या, वरून मातीचं लिंपण. कैरीच्या पेशीची भिंतही तशीच. कामट्या म्हणजे सेल्युलोज, लिंपण म्हणजे पेक्टिन. फळ पिकायला लागलं की ते इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि आत एन्झाइम कामाला लागतात. काही लिंपण विरघळवतात, तर सेल्युलेज कामट्यांची वीण सैल करतं. भिंत ढिली पडली की गर मऊ. आणि हे काम कोयीकडून सुरू होऊन सालीकडे येतं बरं का. कोयीकडून सालीकडे! म्हणून साल दाबून नीट कळत नाही.

माझी आजी माळ्यावर अढी लावायची. भाताच्या पेंढ्याचा थर, आंबे, पुन्हा पेंढा. एका मे महिन्यात आत्या मुंबईला जाताना दोन डझन कच्चे हापूस घेऊन गेली. मुलगा सुट्टीवर येईपर्यंत टिकावेत म्हणून तिने ते सरळ फ्रिजमध्ये ठेवले. पंधरा दिवसांनी बाहेर काढले तर सालीवर काळे डाग, गर आंबट आणि चिवट. रडवेल्या आवाजात तिचा फोन आला, "आई, यंदा झाड बिघडलं का गं?" आजीने एवढंच विचारलं, "थंडीत ठेवलेस ना? कच्च्याला ऊब लागते गो, बाळंतिणीसारखी."

आजी बरोबर होती. 12-13 अंशांच्या खाली कच्चा आंबा बरेच दिवस राहिला की त्याचं पिकणंच बिघडतं. मग बाहेर काढूनही एन्झाइमांची गाडी रुळावर येत नाही.

पुढच्या वर्षी आत्या स्वतः माळ्यावर चढली. एक आंबा उचलून अंगठ्याने दाबणार, तोच आजीने हात धरला. "दाबू नको, देठाशी हुंग." आत्याने पेंढा बाजूला सारून एकेक आंबा नाकाशी नेला. सातव्यावर थांबली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला!

कार्बाइडवर पिकवलेल्या आंब्याला हा वास कुठून येणार? साल पिवळी, आत कच्चा. त्यावर कायद्याने बंदी आहे, तरी विकतात, याचा मला मनापासून राग येतो. आणि चांगल्या हापूसचा मिल्कशेक करणंही मला पटत नाही. तो कापून, नाहीतर पिळून खावा.

तर कच्चे आंबे पेंढ्यात, नसेल तर वर्तमानपत्रात, एका थरात ठेवा. पिकल्यावरच फ्रिजमध्ये. आणि रोज सकाळी देठाशी हुंगा.